जेथे उतरता येते, तेथून उडता येते का?

जयपूरच्या जुन्या तटबंदीबाहेर, मोती डुंगरीच्या टेकडीपासून जवळच, आदर्श नगर ही वसाहत आहे. फाळणीनंतर सीमेपलीकडून आलेल्या कुटुंबांनी ती प्रामुख्याने वसवली. मे महिन्यातील दुपारी तेथील रस्ते ओस पडतात, खिडक्यांवरील वाळ्याचे पडदे आणि कूलर यांच्या आडोशाला माणसे बसून राहतात आणि उष्णतामापकातील पारा ४३ अंशांवर जाऊन ठेपतो. या शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ४३० मीटर आहे. दक्षिणेकडे काही किलोमीटरवर असलेल्या सांगानेर विमानतळाची उंची त्याहून थोडी कमी, ३८५ मीटर भरते. नकाशावर हे आकडे कायम आहेत. विमानाच्या पंखाला मात्र ते कायम वाटत नाहीत. हवा तापली की ती प्रसरण पावते, विरळ होते, आणि विरळ हवेत पंखाला आधार कमी मिळतो. सांगानेरच्या उंचीवर प्रमाण मानलेले तापमान साडेबारा अंशांच्या आसपास आहे. त्याहून तीस अंशांनी अधिक उष्ण असलेल्या त्या दुपारी तेथील हवा जितकी विरळ होते, तितकी विरळ हवा प्रमाण परिस्थितीत समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवर आढळते. म्हणजे सांगानेरच्या सपाट धावपट्टीवर उभे असलेले विमान त्या घटकेला महाबळेश्वरच्याही वर, कळसूबाईच्या शिखराच्या थोडेसे खाली असते. उन्हाळ्यात राजस्थानावर हवेचा दाबही कमी असतो. तो हिशेबात धरला तर हे काल्पनिक शिखर आणखी उंच होते.

मोठ्या विमानतळावर ही गोष्ट फारशी जाणवत नाही. धावपट्टी लांब असते, पुढे मोकळी जागा असते आणि हिशेब करून देणारी माणसे असतात. लहान विमानाचा प्रश्न निराळा आहे. चार माणसांचे, एका इंजिनाचे विमान शेतात, नदीच्या वाळवंटात, माळरानावर, तळ्यात किंवा बर्फावर उतरू शकते, आणि नेमका हाच त्याचा उपयोग आहे. अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, पापुआ न्यू गिनी, नेपाळच्या दऱ्या अशा प्रदेशांत रस्ता पोहोचण्यापूर्वी विमान पोहोचले. औषधे, टपाल, आजारी माणूस, शिक्षक यांची ने-आण अशाच विमानांनी केली. परंतु विमानतळाबाहेरील उड्डाणे व अवतरणे यांतील अपघातांचा विचार करू लागले की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. ज्या जागेने विमानाला आत येऊ दिले, ती जागा त्याला बाहेर जाऊ देईलच असे नाही. आणि सुखरूप उतरलेल्या वैमानिकाला मात्र ती परवानगी मिळाल्यासारखी वाटते.

याचे कारण समजण्यास थोडे अंकगणित पुरेसे आहे. ब्रिटनच्या नागरी विमानवाहतूक प्राधिकरणाने लहान विमानांच्या वैमानिकांसाठी काही ढोबळ प्रमाणे दिली आहेत. विमानाचे वजन दहा टक्क्यांनी वाढले तर उड्डाणास लागणारे अंतर वीस टक्क्यांनी वाढते, उतरण्याचे अंतर मात्र दहाच टक्क्यांनी. तापमान दहा अंशांनी वाढले तर उड्डाणाचे अंतर दहा टक्क्यांनी आणि उतरण्याचे पाच टक्क्यांनी वाढते. जागा हजार फूट उंच असेल तरीही हेच प्रमाण. कोरड्या गवतावर उड्डाणासाठी वीस आणि उतरण्यासाठी पंधरा टक्के अधिक जागा धरावी लागते. या वाढी बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने एकत्र येतात, आणि घात येथेच होतो.

समजा, एखाद्या विमानाला समुद्रसपाटीवर, प्रमाण तापमानात, कठीण धावपट्टीवरून उडून पंधरा मीटर उंचीचे झाड ओलांडण्यास ४०० मीटर लागतात, आणि तसेच झाड ओलांडून उतरून थांबण्यासही ४०० मीटर लागतात. आता हेच विमान, नेहमीपेक्षा दहा टक्के जड, मे महिन्यातील त्या दुपारी जयपूरच्या आसपासच्या एखाद्या गवताळ मैदानावर आणावे. उतरण्यासाठी त्याला सुमारे ६१५ मीटर पुरतील. उड्डाणासाठी जवळजवळ ८४५ मीटर लागतील. मैदान ७०० मीटरांचे असेल तर वैमानिक त्यात उतरेल, समाधानाने इंजिन बंद करील, चहा घेईल आणि परत निघेल. त्याच्या हातून तोवर एकही चूक झालेली नसते. मैदानाच्या टोकाची झाडे जवळ येऊ लागतात तेव्हाच त्याला कळते की हिशेब चुकला होता. मागून थोडासा वारा असेल, म्हणजे उड्डाणाच्या वेगाच्या दहा टक्के इतकाच, तर ८४५चे हजारावर मीटर होतात. ही केवळ किमान अंतरे झाली. सुरक्षिततेसाठी त्यांवर आणखी जवळजवळ तृतीयांश भर घालावी असे तेच प्राधिकरण सांगते.

उतरण्याला एकच गोष्ट उड्डाणापेक्षा अधिक जाचते, आणि ती म्हणजे ओले गवत. त्यावर ब्रेक धरत नाहीत. विमान साबणावरून घसरावे तसे पुढे जात राहते. कोकणात किंवा मावळात पावसाळ्यात ज्याने ओल्या बांधावरून सायकल आणली आहे, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता उड्डाणाच्या क्षणाकडे वळू. चाके जमिनीवरून सुटली म्हणजे विमान उडाले, असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो पूर्णपणे खरा नाही. जमिनीच्या अगदी जवळ, पंखांच्या एकूण लांबीइतक्या उंचीच्या आत, पंखांखालील व टोकांजवळील हवेचा प्रवाह जमिनीमुळे बदलतो आणि विमानाला होणारा हवेचा विरोध कमी होतो. त्यामुळे ज्या वेगाने विमान वर चढूच शकत नाही, त्या वेगाने ते जमिनीपासून एक-दोन मीटरांवर तरंगू मात्र शकते. जणू हवेची एक उशी त्याच्या खाली असते. खडबडीत किंवा मऊ जागेवरून उडताना वैमानिक या उशीचा मुद्दाम उपयोग करतात: चाके लवकर सोडवून घ्यायची, मग जमिनीलगत राहून वेग वाढवायचा आणि पुरेसा वेग आल्यावरच चढायचे. समोर झाडे किंवा तारा नसतील तर ही पद्धत उत्तम आहे. झाडे असतील तर वैमानिक नाक वर उचलतो, विमान उशीतून बाहेर येते, विरोध एकदम वाढतो, वेग कमी होतो आणि विमान खाली बसते. पाहणाऱ्यांना वाटते की इंजिनाने दगा दिला. इंजिन बहुतेक वेळा पूर्ण शक्तीने चालू असते. फक्त तापलेल्या, विरळ हवेत ती पूर्ण शक्तीच कमी झालेली असते. साध्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. जयपूरच्या त्या दुपारी ही घट पंधरा टक्क्यांच्या घरात जाते.

विरळ हवा डोळ्यांनाही फसवते. वेगदर्शक यंत्र हवेचा दाब मोजते, म्हणून ते नेहमीचाच आकडा दाखवते. परंतु विमान जमिनीच्या तुलनेत मात्र सात-आठ टक्के अधिक वेगाने जात असते. खालची झुडपे झरझर मागे पडतात. यंत्राऐवजी झुडपांवर भरवसा ठेवणारा वैमानिक आपण फार वेगात आहोत असे समजून वेग कमी करतो, आणि जो वेग कमी होतो तो पंखाला आवश्यक असलेला वेग असतो. पंखावरील हवेचा प्रवाह विस्कळीत होऊन त्याचे उचलण्याचे सामर्थ्य एकाएकी नाहीसे होते. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही. वळणात हा धोका आणखी वाढतो. विमान ४५ अंश कललेले असेल तर ज्या वेगाला पंख साथ सोडतो तो वेग सुमारे एकोणीस टक्क्यांनी वर जातो, आणि साठ अंश कलले तर एकेचाळीस टक्क्यांनी. उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले असता मागे वळून त्याच जागी उतरण्याचा मोह म्हणूनच इतका घातक ठरतो. समोर काटेरी झुडपे असली तरी सरळ समोर उतरणे हे बहुधा कमी नुकसानीचे असते, पण मागची मोकळी जागा दिसत असताना समोरची झुडपे पत्करणे मनाला अवघड जाते.

अलास्कातील एक प्रसंग या दृष्टीने प्रसिद्ध आहे. १५ ऑगस्ट १९३५ रोजी वायली पोस्ट हा एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक आणि अमेरिकेचा लोकप्रिय विनोदकार विल रॉजर्स हे उत्तर टोकावरील बॅरो गावाकडे चालले होते. त्यांचे विमान दोन वेगवेगळ्या विमानांचे भाग जुळवून तयार केलेले होते आणि त्याला पाण्यावर उतरण्यासाठी जड तरंड्या बसवलेल्या होत्या. त्यामुळे त्याचे नाक जड झाले होते. धुक्यात वाट चुकल्यावर ते एका उथळ खाजणात उतरले, तेथे तळ ठोकून असलेल्या एस्किमो शिकारी कुटुंबाला त्यांनी बॅरोची दिशा विचारली आणि पुन्हा उड्डाण केले. उतरणे निर्विघ्न झाले होते. उड्डाणानंतर काही क्षणांतच, विमान अजून खालीच असताना, इंजिन थांबले. जड नाक खाली गेले आणि विमान पाण्यात उलटे कोसळले. दोघेही जागीच मरण पावले. त्या शिकाऱ्याने पायी धावत बॅरोला जाऊन ही वार्ता पोहोचवली. पोस्टच्या कौशल्याविषयी त्या काळी कोणालाच शंका नव्हती. नाक जड असलेल्या विमानाला वेग आणि उंची या दोहोंचीही शिल्लक नसताना इंजिन थांबले, तर कौशल्य वापरायला अवकाशच उरत नाही.

हिमालयातील प्रसंग सुदैवाने इतका दुःखान्त नाही. १९६० साली धवलगिरीवर गेलेल्या स्विस मोहिमेने ‘येती’ नावाचे एक लहान विमान बरोबर नेले होते. माणसे व सामान घेऊन ते पर्वताच्या ईशान्य खिंडीत, सुमारे ५,७०० मीटर उंचीवर, बर्फावर उतरले. लहान विमानाला अशक्य वाटावी अशी ही कामगिरी होती. मे महिन्याच्या आरंभी दांबुश खिंडीतून उड्डाण करताना मात्र ते कोसळले. दोन्ही वैमानिक वाचले आणि चालत खाली आले. विमानाचा सांगाडा तेथेच राहिला. धवलगिरीचे शिखर त्या मोहिमेने त्याच महिन्यात, विमानाच्या मदतीवाचून, गाठले.

आपल्याकडे उंच जागी उतरण्याचा इतिहास मुख्यतः लष्करी विमानांचा आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळूत आखलेल्या पट्टीवर डाकोटा उतरवले; ती पट्टी सोनम नोरबू या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झाली होती. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर राजे यांनी पाच हजार मीटरहून अधिक उंचीवरील दौलत बेग ओल्डी येथे पॅकेट विमान उतरवले. त्या विमानाला पाठीवर एक जेट इंजिन जादा बसवलेले होते. उतरण्यासाठी त्याची विशेष गरज नव्हती. गरज होती ती परत उडण्यासाठी, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण या सर्वांहून साधे आहे, आणि त्यात अपघातच नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाचे विमान आणले. विमान एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ होते. अहमदाबादेस त्यासाठी पेट्रोल बैलगाडीतून आणले गेले. मुंबईहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. मुंबईत विमान उतरले ते जुहूला, आणि त्या वेळचे जुहू म्हणजे समुद्रालगतची चिखलवट जमीन. कोरड्या दिवसांत ती विमानाला सहज झेलत असे. पावसाळ्यात तेथे पाणी साचून ती निरुपयोगी होई. विमानसेवेने तेव्हा जुहूच्या चिखलाशी झगडा केला नाही. पावसाळ्यापुरते आपले बिऱ्हाडच पुण्यास हलवले. विमानवाहतुकीच्या इतिहासात साहसाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. हे स्थलांतर त्यांत क्वचित येते, कारण त्यात घडलेले काहीच नाही.

स्वेच्छेने माळावर उतरणे निराळे आणि नाइलाजाने शेतात उतरणे निराळे. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीच उड्डाणाला निघालेल्या एका शिकाऊ वैमानिक तरुणीचे दोन आसनी सेस्ना विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एका शेतात कोसळले. विमानाची मोडतोड झाली. तरुणी किरकोळ दुखापतींवर बचावली. त्या भागातील शेतजमीन वरून पाहिली तर एकसारखी हिरवी आणि सपाट दिसते. खाली येताना तिची खरी ओळख पटते. ऊस पुरुषभर उंच असतो आणि चाके त्यात अडकतात. नांगरलेल्या काळ्या जमिनीतील सऱ्या व वरंबे पाच-सहाशे फुटांवरून दिसत नाहीत. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत पुढचे चाक रुतले की विमान पालथे होते. बांध, विहिरी, ठिबकच्या नळ्यांचे ढीग, आणि सर्वांत वाईट म्हणजे विजेच्या तारा. तार दिसत नाही. खांब दिसतात, आणि खांबांची ओळ पाहून तार ओळखावी लागते. राजस्थानात ऊस फारसा नाही, पण शेताच्या मध्यावर खेजडीची झाडे ठेवण्याची रीत आहे, आणि नीलगाय कोणत्या क्षणी आडवी येईल याचा नेम नसतो.

अशा वेळी जीव कशाने वाचतो, याचाही हिशेब आहे. लहान विमान ताशी सुमारे ९५ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २६ मीटर वेगाने जमिनीला टेकले आणि तीन मीटरांत थांबले, तर आतील माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे साडेअकरा पट जोर येतो. खांद्यावरून पट्टा घेतलेला असेल तर निरोगी माणूस हा जोर सहसा सोसू शकतो. वेग दुप्पट असेल तर त्याच तीन मीटरांत जोर चौपट होतो आणि मग पट्ट्याचा इलाज चालत नाही. म्हणून झाडीत शिरायचेच असेल तर कमीत कमी वेगाने, परंतु पंखाचा आधार न गमावता शिरावे, आणि पंख मोडून घेऊन केबिन वाचवावी, असे शिकवले जाते. ह्यू डीहेवन या अमेरिकन संशोधकाने हे शास्त्र उभे केले. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून शिकत असताना १९१७ साली तो स्वतः एका अपघातातून वाचला होता, आणि आपण का वाचलो हा प्रश्न त्याने सोडला नाही. त्याच्या निष्कर्षांचा उपयोग करून फ्रेड वाइक याने १९५० साली शेतीसाठी फवारणी करणारे विमान रचले: औषधाची टाकी पुढे, वैमानिक तिच्या मागे व उंचावर, भोवती मजबूत पिंजरा. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बंगलोरला बनवलेल्या आणि १९७२ साली प्रथम उडालेल्या ‘बसंत’ या विमानाची मांडणीही साधारण अशीच होती. फवारणीच्या विमानाला इतर लहान विमानांपेक्षा आणखी एक सवलत असते. झाडे जवळ येत आहेत असे दिसताच वैमानिक एक दांडा ओढून टाकीतील सारे द्रव काही सेकंदांत खाली सोडून देऊ शकतो, आणि विमान अनेक शे किलोंनी हलके होते. प्रवासी घेऊन माळावरून निघालेल्या वैमानिकापाशी असा दांडा नसतो. त्याला वजनाचा निर्णय चाके हलण्यापूर्वीच करावा लागतो: एकाला मागे ठेवायचे, की इंधन कमी घ्यायचे, की दोन खेपा करायच्या.

अनुभवी वैमानिक म्हणूनच मैदान आधी पायी चालून पाहतात. खड्डे, दगड, माती दाबून पाहणे हे तर असतेच. पण मुख्य म्हणजे पावलांनी लांबी मोजून ते मध्यावर एखादे फडके बांधतात किंवा दगडांची रास करतात. एकसारख्या जोराने धावणाऱ्या वस्तूचा वेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे अर्ध्या अंतरावर उड्डाणवेगाचा सुमारे सत्तर टक्के वेग आलेला असला पाहिजे. ताशी ९५ किलोमीटरला उडणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा आकडा ६७ किलोमीटर होतो. फडक्याजवळ काटा तेथे नसेल तर इंजिन बंद करून थांबायचे; उरलेली अर्धी जागा थांबण्यासाठी असते. हा नियम सोपा आहे, आणि तो मोडला जातो तो अज्ञानामुळे क्वचितच. फडक्याजवळ काटा बासष्टवर असतो, विमान हलके होऊ लागल्याचा भास होत असतो, मागच्या आसनावर कोणाला तरी संध्याकाळपूर्वी घरी पोहोचायचे असते, आणि आजच सकाळी आपण येथे किती सफाईने उतरलो हे आठवत असते. थांबणे म्हणजे सर्वांसमोर चूक कबूल करणे. पुढे जाण्यात तशी कबुली नसते, निदान त्या चार सेकंदांत तरी नसते.

दुपारी ७०० मीटरांच्या मैदानात अडकलेल्या त्या जड विमानाला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला लावले तर काय होईल, हेही पाहता येते. मे महिन्यातही पहाटे पाचच्या सुमारास जयपूरचा पारा अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरतो. आदर्श नगरातील गच्च्यांवर झोपलेली माणसे त्या वेळी पांघरूण ओढून घेतात. हवा दाट होते आणि पंखाच्या दृष्टीने शहर १,५०० मीटरांवरून साडेनऊशे मीटरांवर उतरते. एकच प्रवासी आणि थोडे सामान मागे ठेवून वजन नेहमीइतके केले, तर ८४५ मीटरांचे सहाशेच्या आसपास होतात.